मूकबंदी

इचलकरंजीच्या सुलभा मगदूम नवऱ्याला आलेली सातही पत्रं छापून घेऊन आल्या होत्या.

"प्रकाश म्हणून शाळेतला मित्र आहे म्हणत होता," त्या म्हणाल्या. "पाच पत्रांत नुसत्या गप्पा. सहाव्यात कसला तरी विकतचा काढा. सातव्यात लिहिलं, रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्याशिवाय काढ्याला गुण येत नाही."

"मग?"

"मग काय? यांनी सोडल्या. तेराव्या दिवशी उजवी बाजू गेली. आता चमचासुद्धा मी धरते."

केतकी तारळेकरने कागद पुढे ओढले. कोल्हापूरच्या जिल्हा टपाल निवाडा कार्यालयात ती निवाडा अधिकारी होती. दिवसाला अशा चार-पाच तक्रारी यायच्या, त्यामुळे तिचा चेहरा सहसा बदलत नसे. पण पहिल्या पत्राची पहिली ओळ वाचली आणि तिचा हात थांबला.

'आज सकाळी पश्चिमेला विस्कटलेल्या पिसांसारखे ढग होते, फार उंचावर. म्हटलं, तुमच्याकडे काय आहे?'

ही ओळ नाही, पण अगदी हिची बहीण शोभेल अशी ओळ तिने त्याच दिवशी सकाळी चहा पिताना ऐकली होती. आप्पांनी, तिच्या वडिलांनी, वेंगुर्ल्याच्या पेडणेकरबाईंच्या पत्रातून मोठ्याने वाचून दाखवली होती.

अनाहूत टपाल प्रतिबंध कायदा झाला तेव्हा तो समजायला सोपा होता. घाऊक पत्रं पाठवणाऱ्याने खरं नाव आणि पत्ता द्यायचा. विषयात एक आणि आत भलतंच असं करायचं नाही. संमतीशिवाय पाठवायचं नाही, आणि समोरचा 'नको' म्हणाला की थांबायचं. ई-मेल असो की मोबाइलवरचा निरोप, सगळं टपाल एकाच सरकारी गाळणीतून जाऊ लागलं. एकच मजकूर लाखभर लोकांना गेला की गाळणी तो अडवायची.

मग लिहिणारी यंत्रं शहाणी झाली. लाख लोकांना लाख निरनिराळी पत्रं जाऊ लागली. कुणाला शाळेतला मित्र लिहायचा, कुणाला जुनी शेजारीण. एक वाक्य दुसऱ्यासारखं नसे. याला घाऊक म्हणायचं कसं? वकिलांनी कायद्याच्या चिंध्या केल्या.

त्यावर उपाय निघाला तो कुळशोधक. केतकी लोकांना तो उसाच्या भाषेत समजावून सांगायची. शेतातला प्रत्येक ऊस वेगळा दिसतो, कुणी उंच, कुणी वाकडा. पण सगळे एकाच बेण्याच्या कांड्यांपासून आलेले असले तर त्यांची जात आतून एकच असते. पत्राचंही तसंच. शब्द ही वरची पानं. त्याखाली लिहिणाऱ्याच्या सवयी असतात: कोणत्या विचारानंतर कोणता विचार येतो, वाक्य कुठे तोडलं जातं, काळजीचा प्रश्न किती ओळींनंतर विचारला जातो. कुळशोधक ही पानं सोलून आतलं पेर पाहायचा आणि दोन पत्रांचं बेणं एक आहे का ते सांगायचा. शंभरांहून जास्त समकूळ पत्रं सापडली की ती घाऊक, अशी दुरुस्ती कायद्यात आली.

आणि आली मूकबंदी. पूर्वी बंदीआधी नोटीस जायची. नोटीस मिळाली की भामटे पत्ता टाकून दुसऱ्या पत्त्यावर पसार. म्हणून आता पाठवणाऱ्याला काही कळवायचंच नाही. तो लिहीत राहणार, त्याला वाटणार पत्र गेलं, पण त्याचं पत्र देशात कुणालाही पोचणार नाही आणि ज्यांना तो लिहायचा त्यांचं त्याला पोचणार नाही. मुंबईच्या बैठकीत या कलमाच्या बाजूने सगळ्यांत जोरात बोलली होती ती केतकीच. नवऱ्याचं दुसरं घर तिला दोन वर्षं कळलं नव्हतं. लग्न मोडून ती आप्पांकडे परत आली, तेव्हापासून कुणालाही सावध होण्याची संधी द्यायची नाही, हे तिच्या स्वभावातच बसलं होतं.

संध्याकाळी तिने विषय काढला.

"आप्पा, या पेडणेकरबाई तुम्हाला भेटल्यात कधी?"

"भेटायला कशाला पाहिजे?" दिगंबर तारळेकर वहीतून डोकं वर न काढता म्हणाले. हवामान खात्यातून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला ते गच्चीत जाऊन आकाशाची नोंद करायचे. "बत्तीस वर्षं मी किनाऱ्यावरच्या केंद्रांची निरीक्षणं फोनवर उतरवून घेतली. वेंगुर्ल्याला त्या होत्या. तापमान, वारा, ढग. रोज दोनदा."

"म्हणजे कधीच पाहिलेलं नाही. आता फोनवर का बोलत नाहीत?"

"सांगितलंय तुला. घशाचा कर्करोग झाला, स्वरयंत्र काढलं. डॉक्टर यंत्राचा आवाज देत होते, पण तो आपला नाही म्हणून बाईंनी घेतला नाही. तेव्हापासून लिहितात. सहा वर्षं झाली."

केतकीला हे नवं नव्हतं, पण आज ते वेगळं ऐकू आलं. कधी न पाहिलेली बाई, आणि नेमका आवाज गेलेला. ऑफिसातल्या निम्म्या प्रकरणांत 'मित्रा'चा फोन बिघडलेला असायचा.

"त्यांनी कधी औषध सुचवलं?"

"खोकला झाला तेव्हा सुंठ घ्या म्हणाल्या. का? सुंठ आता बेकायदेशीर केली का तुम्ही?" आप्पा हसले. मग तिच्याकडे पाहून हसायचे थांबले. "केतकी, तुझं ऑफिस ऑफिसात ठेव."

दुसऱ्या दिवशी ते गच्चीत असताना तिने त्यांच्या टपालपेटीतून बाईंची तीन पत्रं उचलली. संकेतशब्द तिला माहीत होता. तिनेच तो ठेवून दिला होता.

कुळशोधकाचं काम पद्मजा शेडबाळे पाहायची. केतकीच्याच वयाची, फार न बोलणारी. तिने पत्रं यंत्रात घातली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"समकूळ आहे. मगदूमांच्या पत्रांशी सत्त्याण्णव टक्के. या कुळात एक्केचाळीस हजार पत्रं आहेत, मॅडम."

केतकीने डोळे मिटले. शंका खरी ठरली याचं तिला बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

"पण एक आहे," पद्मजा म्हणाली. "बेणं एक आहे एवढंच हे सांगतं. कोणापासून कोण आलं, ते सांगत नाही. त्यासाठी तारखा लावून झाड काढावं लागतं. आठ-दहा दिवस द्या."

"आठ-दहा दिवसांत आणखी कुणाची तरी बाजू जाईल."

"आणि ही पत्रं तुमच्या घरची ना? मग आदेशावर सही सांगलीच्या अधिकाऱ्यांची..."

"सही मी करते," केतकी म्हणाली.

तिने केली. कालिंदी पेडणेकर, वेंगुर्ला, एक वर्ष मूकबंदी.

पहिले तीन दिवस आप्पा काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी टपालपेटी नीट चालते का ते केतकीला पाहायला लावलं. तिने पाहिल्यासारखं केलं. आठवड्याने ते म्हणाले, "मागच्या पत्रात मी त्यांच्या नोंदीतली चूक काढली होती. ढगाचा प्रकार चुकला होता. तसं लिहायला नको होतं बहुतेक."

"आप्पा, त्या खऱ्या असतील कशावरून?"

"म्हणजे?"

"हल्ली काय काय चालतं ते मी रोज बघते. पाच-सहा वर्षं धीर धरणारेसुद्धा असतात."

आप्पांनी वेंगुर्ल्याचा जुना फोन लावला. घंटा वाजत राहिली, उचलला कुणी नाही. मग त्यांनी हाताने पत्र लिहून रजिस्टरने पाठवलं. ते बाराव्या दिवशी परत आलं. पाकिटावर पोस्टमनचा शेरा होता: 'घेण्यास नकार'.

केतकीने ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं. एका अर्थी हा पुरावाच होता. खऱ्या मैत्रिणीने पत्र नाकारलं असतं का?

"बघितलंत?" ती म्हणाली.

आप्पांनी पाकीट तिच्या हातून घेतलं. त्या संध्याकाळी साडेपाच वाजले, पावणेसहा झाले, तरी ते खुर्चीतून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. वही कपाटात गेली. जेवताना ते दोन घास खाऊन ताट सारू लागले. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, वयाचं आहे. केतकीला ठाऊक होतं की ते वयाचं नाही.

बंदीला दोन महिने होत आले तशी दुसरीच गोष्ट तिला टोचू लागली. त्या कुळाची पत्रं थांबली नव्हती. एक्केचाळीस हजारांची साठ हजार झाली होती. वेंगुर्ल्याचा पत्ता बंद करून काहीच फरक पडला नव्हता. ती पद्मजाच्या टेबलापाशी गेली.

"ते झाड काढता येईल अजून?"

पद्मजाने खण उघडून एक कागद तिच्यासमोर ठेवला. "काढून दीड महिना झाला. वर टिपण पाठवलं होतं. तुम्ही 'पाहिले' म्हणून सही केलीत."

केतकीने ते पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. हजारो फांद्या खाली एका खोडाला मिळत होत्या, आणि खोडाच्या तळाशी एकच पत्र होतं, गाळणीच्या जुन्या नोंदींतलं, सहा वर्षांपूर्वीचं. पेडणेकरबाईंनी आप्पांना लिहिलेलं पहिलं पत्र. फसवणुकीचं सर्वांत जुनं पत्र होतं दोन वर्षांपूर्वीचं.

"म्हणजे ही बाई या कुळातली नाही," पद्मजा म्हणाली. "ही बेणं आहे. हिची पत्रं चोरून कुणीतरी यंत्राला शिकवलीत. साहजिक आहे. इतकं आपुलकीचं कोण लिहितं आता?"

"तिने विकली असतील."

"असतील. पण यंत्र उत्तरंही शिकलंय. तुमच्या वडिलांची. दोन्ही बाजूंची पत्रं ओळीने लावलेली कुणाकडे तरी होती."

दोन्ही बाजूंची पत्रं दोनच पेट्यांत होती. बाईंच्या आणि आप्पांच्या. त्या दुपारी केतकीने रजा टाकली आणि घरी येऊन आप्पांच्या पेटीतल्या परवानग्यांची यादी उघडली. कुणाच्या तरी गोड बोलण्याला भुलून म्हाताऱ्याने काहीतरी दाबलं असणार, याची तिला खात्री होती. काय बोलायचं तेसुद्धा मनात तयार होतं.

परवानगी एकच होती, तीन वर्षांपूर्वीची. 'आठवणींचं दप्तर' नावाच्या कंपनीला. पेटीतला एक पत्रव्यवहार निवडून दिला की ही कंपनी त्याचं देखणं पुस्तक बांधून द्यायची. अटी अकरा पानांच्या होत्या. नवव्या पानावर लिहिलं होतं की पत्रांचा उपयोग 'लेखनसाहाय्य सेवा सुधारण्यासाठी' करण्यास आणि ती सेवा इतरांना देण्यास ग्राहकाची संमती आहे. खाली 'मान्य' होतं आणि मान्य करणाऱ्याचं नाव.

केतकी दिगंबर तारळेकर.

आप्पांच्या पंच्याहत्तरीची भेट. पुस्तक हातात पडल्यावर ते तासभर नुसती पानं उलटत बसले होते. संमती म्हणजे काय, ती कशी घ्यावी, यावर केतकी इतर जिल्ह्यांत जाऊन व्याख्यानं द्यायची. आणि ही अकरा पानं तिने वाचली नव्हती. मुखपृष्ठाचा रंग छान होता, एवढंच तिला आठवत होतं.

ती आप्पांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मगदूमांची तक्रार, बंदी, सही, झाड, पुस्तक. मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

आप्पांनी विचारलं, "बाई आहेत?"

"असणार. बंदीमुळे तुमचं काही त्यांना जात नव्हतं, त्यांचं तुम्हाला येत नव्हतं."

"मी त्यांना मनातून पोचवून आलो होतो, केतकी. रजिस्टर परत आलं तेव्हा वाटलं, घरच्या कुणीतरी नाकारलं असेल." मग त्यांनी मान वर केली. "पुस्तकाचं राहू दे. ते तू प्रेमाने केलंस. पण तू माझी पत्रं काढून नेलीस आणि दोन महिने माझ्यासमोर बसून जेवलीस."

केतकी निघायला वळली.

"उद्या सकाळी गाडी काढ," ते म्हणाले.

बंदी उठवायची तर पाठवणाऱ्याची ओळख समक्ष पटवून त्याची सही घ्यावी लागे. केतकीने तो अर्ज बरोबर घेतला. गडहिंग्लज, आजरा, आंबोली. एरवी घाटात आप्पा ढगांबद्दल बोलले असते. आज त्यांनी काच खाली केली, बाहेर पाहिलं आणि पुन्हा वर केली. सावंतवाडी मागे पडेपर्यंत दोघांत फक्त रस्त्यापुरतं बोलणं झालं.

वेंगुर्ल्यात घर सापडायला वेळ लागला नाही. चिऱ्याचं बुटकं घर, पुढे पडवी, लोखंडी जाळीचं दार. जाळीआड एक उंच, किडकिडीत बाई येऊन उभी राहिली. गळ्याभोवती पांढरा सुती रुमाल. हातात वही आणि पेन.

"पेडणेकरबाई? मी तारळेकर. कोल्हापूरचा."

बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी वहीत लिहून वही जाळीला टेकवली.

'कुठले तारळेकर? दोन महिन्यांत हे तिसरे.'

"तिसरे?"

बाई भरभर लिहू लागल्या. आप्पांची पत्रं अचानक बंद झाली. दहा दिवसांनी नव्या पत्त्यावरून तारळेकरांचं पत्र आलं, जुना पत्ता बिघडला म्हणून. तीच भाषा, त्याच आठवणी. बाईंनी आनंदाने उत्तर लिहिलं. चौथ्या पत्रात त्याने काढा सुचवला आणि गळ्याचं औषध बंद करायला सांगितलं. तो पत्ता त्यांनी तोडला, तर दुसऱ्या पत्त्यावरून दुसरा तारळेकर. म्हणून फोन उचलला नाही. म्हणून रजिस्टर परत केलं. 'आता माणूसही पाठवायला लागले,' त्यांनी शेवटी लिहिलं.

केतकीने आपलं ओळखपत्र पुढे केलं. बाईंनी ते वाचलंसुद्धा नाही. ओळखपत्रं काय, कुणीही छापतं. आप्पांनी चेहरा दाखवून उपयोग नव्हता, तो बाईंनी कधी पाहिलाच नव्हता. आवाज? हल्ली यंत्रं आवाजही काढायची. तिने आजवर शेकडो लोकांना हाच प्रश्न कोरडेपणाने विचारला होता, तुम्ही तुम्हीच आहात कशावरून? आज तिच्या बापाला तो विचारला जात होता आणि तिला काही सुचत नव्हतं.

बाईंनी पुन्हा लिहिलं. 'आपण पहिल्यांदा फोनवर बोललो त्या दिवशी वेंगुर्ल्याला कोणते ढग होते?'

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. केतकीला पुस्तकातलं एक पान अंधुक आठवत होतं. बाईंनी त्या दिवसाचं वर्णन कुठेतरी केलं होतं. तिने पुढे होऊन आप्पांच्या कानाशी काही सांगायला तोंड उघडलं. आप्पांनी हातानेच तिला गप्प केलं.

"नाही आठवत, बाई," ते म्हणाले. "तो दिवसच आठवत नाही. तुम्ही नंतर कधीतरी लिहिलं होतंत, तेही विसरलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालोय मी."

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. केतकीला वाटलं, संपलं. ती आप्पांचा दंड धरून वळणार, तेवढ्यात कडी सरकल्याचा आवाज आला.

दार उघडून बाईंनी आप्पांपुढे वही धरली. अक्षर या वेळी हललं होतं.

'त्या दोघांना सगळं आठवत होतं. तारखेसकट. मलाही आठवत नाही.'

आप्पा वाचून मोठ्याने हसले, दोन महिन्यांत पहिल्यांदा. बाईंचे खांदे हलत होते. त्यांचं हसणं ऐकू येत नव्हतं, रुमालामागून नुसता श्वास वाजत होता. त्या आप्पांना आत घेऊन गेल्या. केतकीला या म्हणाल्या नाहीत, जा असंही खुणावलं नाही. ती पडवीतल्या बाकावर बसली. आत आप्पा एकटेच बोलत होते, मधूनच थांबत होते, मग पुन्हा बोलत होते.

तासाभराने बाई बाहेर आल्या. आप्पांनी सगळं सांगितलं होतं हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यांनी हात पुढे केला. केतकीने अर्ज दिला.

"इथे सही करा. बंदी आजच उठेल. आणि मी... माझं चुकलं, बाई."

बाईंनी अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. एका ठिकाणी छापलेलं होतं, 'प्रेषक चौकशीअंती निर्दोष आढळल्यामुळे'. बाईंनी पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारून ते वाक्य खोडलं. वर बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'प्रेषकाला न विचारता बंदी घातल्यामुळे'. मग सही केली, तारीख घातली, तारखेपुढे वेळही घातली.

केतकीने ते वाचलं. तिने मान डोलावली.

पुढे 'आठवणींचं दप्तर'वर खटला उभा राहिला आणि त्या कुळाची पत्रं महिन्याभरात आटली. केतकीचीही चौकशी लागली. स्वतःच्या घरचं प्रकरण स्वतः निकाली काढलं, टिपण न वाचता सही केली, दोन्ही आरोप तिने मान्य केले. पद गेलं, साधी नोकरी राहिली. मूकबंदीचं कलम पुन्हा तपासायला एक समिती बसली आणि समितीने वेंगुर्ल्याचा अर्ज मागवला. तो घेऊन केतकीच गेली.

समितीचे सचिव सभ्य गृहस्थ होते. अर्ज पाहून ते म्हणाले, "मॅडम, छापील मजकुरात अशी खाडाखोड चालत नाही. तुम्ही कोऱ्या अर्जावर पेडणेकरबाईंची पुन्हा सही घ्या. साफ प्रत लावू."

"नाही," केतकी म्हणाली. "आहे तसाच लावा. अर्जात तेवढं एकच वाक्य खरं आहे."